काही चमचे, काही खिडक्या

"उनोस बासोस," टीचर म्हणाली आणि थांबली. वर्गानं एका सुरात म्हटलं, "उनोस बासोस." ती म्हणाली, "उनास कुचारास," आणि थांबली. वर्ग म्हणाला, "उनास कुचारास." मग सापातोस झाले, मग बेंतानास झाल्या, आणि कडेच्या खुर्चीवर बसलेल्या माझं तोंड जे उघडं राहिलं ते मिटेना, कारण पुढे काय येणार ते मला पाठ होतं. पुढे किल्ल्या येणार होत्या. "उनास याबेस," टीचर म्हणाली. धडा नवा होता, आजच सुरू झालेला, फळ्यावरची शाईसुद्धा वाळली नव्हती, आणि मी मात्र तो गेले दोन महिने रोज ऐकत होते. याच क्रमानं, प्रत्येक शब्दानंतर एवढंच थांबत, माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या तोंडून. हे माझ्याशी बोलतायत असं समजून चालले होते मी. आमच्या दोघांतलं म्हणून जे काही उरलं होतं, ते ही कॉलेजातली पोरं च्युइंगम चघळत, मोबाइलकडे एक डोळा ठेवून, कोरसमध्ये म्हणत होती.

ह्यांना सगळे सर म्हणतात. याच संस्थेत, याच तिसऱ्या मजल्यावर, बहुधा याच फळ्यापुढे ह्यांनी स्पॅनिश शिकवण्यात उभी हयात घालवली. मीसुद्धा पारा चढला की घरात सर म्हणायचे. "सर, ओला टॉवेल गादीवर टाकायचा नसतो." एका सकाळी दाढी करताना हातातून रेझर गळून पडला, आणि मी पोचेपर्यंत हे बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते, अर्ध्या चेहऱ्यावर फेस आणि उरलेला अर्धा ओघळलेला. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि मराठी गेली होती. स्पॅनिश राहिली होती. डॉक्टर म्हणाले, क्वचित होतं असं, आईकडून आलेली भाषा पुसली जाते आणि मागाहून घोकलेली टिकते. क्वचित हा शब्द ते अशा सुरात म्हणाले, जसं काही आम्हाला बक्षीस लागलं होतं. माझे धाकटे दीर कॉटपाशी उभे होते, ते डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, दादा आधीपासूनच थोडा परदेशी होता," आणि आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसू यायचं. आठ-पंधरा दिवसांत सगळं जागेवर येईल असं तेव्हा वाटत होतं.

मला स्पॅनिश येत नाही. कधी शिकावीशी वाटली नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता स्पष्ट दिसतंय, की आधीचं बरं होतं?" असं विचारून घसा कोरडा झाल्यावर घरी येऊन क्रियापदं कोण चालवणार? ह्यांनीही कधी आग्रह केला नाही. ती त्यांची गच्ची होती, एकट्यानं जाऊन वारा खायची. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण जेवायच्या वेळेला माणूस खाली यायचा. आता माणूस गच्चीत अडकला होता आणि जिना ढासळला होता. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या, "घरात मराठीच बोला. उत्तर नाही आलं तरी बोलत राहा. त्यांना कळतं किती ते सांगता येत नाही, पण कळत नाही असं धरून चालू नका. आणि त्या दुसऱ्या भाषेला खतपाणी घालू नका, नाहीतर ती मराठीला वर येऊच देणार नाही." मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात इथं नाव घातलं. करणार काय? माणूस माझ्याकडे बघून बोलतोय, थांबतोय, माझ्या ओठांकडे आशेनं बघतोय, आणि मी ठोंब्यासारखी उभी. शेजारच्या काकूंना ह्यांच्यापाशी बसवायचं, बँकेत जाऊन येते म्हणायचं, आणि शनिवारी सकाळी या पोरांत येऊन बसायचं. पोरं मला आधी आंटी म्हणायची, मग मी एकाला नीट बघून घेतलं, तेव्हापासून मॅडम म्हणतात.

शब्द मात्र मी वर्गाच्या आधीपासूनच गोळा करत होते. ह्यांनी नवा शब्द काढला की मी टीचरला फोन करायचे. ती ह्यांचीच जुनी विद्यार्थिनी, ह्यांच्या जागी आलेली, आवाज गोड, जरा घाबरट. "बासोस म्हणजे काय गं?" "ग्लास, मॅडम. उनोस बासोस म्हणजे काही ग्लास." मी धावत पाणी नेलं. हे प्यायले नाहीत, पण मी विचार केला, मागितलं तरी. कुचारास म्हणजे चमचे; मग भरवताना मी लहान चमचा बदलून मोठा घेतला. सापातोस म्हणजे बूट. त्या दिवशी मी ह्यांच्या सुजलेल्या पायांत बूट चढवायला अर्धी सकाळ घालवली, चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली नेलं, फाटकापर्यंत फिरवून आणलं, आणि वर येताना लिफ्टच्या आरशात आम्ही दोघं दिसलो तेव्हा मला वाटलं, चला, बाहेर जाऊन आलो. बेंतानास म्हटलं की खिडक्या उघडायच्या. याबेस म्हटलं तेव्हा मी घराच्या, कपाटाच्या, गाडीच्या, सगळ्या किल्ल्या आणून त्यांच्या चांगल्या हातात दिल्या. त्यांनी त्या मुठीत धरल्या, मग मूठ सैल सोडली, किल्ल्या माझ्या मांडीवर पडल्या. घर माझ्या हवाली केलं त्यांनी असं मी समजले. सांगायला लाज वाटते, पण त्या दुपारी मी खुशीत होते.

आणि मग निन्योस. उनोस निन्योस. फोनवर टीचर जरा थांबून म्हणाली, "मुलं, मॅडम. काही मुलं." आम्हाला मूल नाही. होईल होईल म्हणता राहून गेलं, औषधं झाली, तपासण्या झाल्या, आणि मग एके दिवशी आम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारताच, तो विषय बंद केला. इतका घट्ट बंद केला की शेजारचं पोर चेंडू मागायला आलं तरी हे चेंडू माझ्या हातात देऊन आत निघून जायचे. आणि आता, जीभ अशी तुटपुंजी झाल्यावर, त्या चार-दोन शब्दांत माणूस मुलांचं नाव काढतो! मी गॅस बंद करून त्यांच्यापुढे खुर्ची ओढून बसले आणि बोलले. पुष्कळ वर्षांचं साचलेलं बोलले. कुठल्या कुठल्या नावांचा मी मनात विचार करून ठेवला होता तेही सांगितलं. एकदा दुकानात एक चिमुरडी पहिला चष्मा घालून माझ्याकडे बघत म्हणाली होती, "तू किती मोठी दिसतेस," आणि मी मागच्या खोलीत जाऊन रडले होते, तेही सांगितलं. शेवटी विचारलं, "अहो, तुम्हाला वाईट वाटायचं का? खरं सांगा." हे माझ्याकडे बघत होते. डोळे भरलेले होते, पण डोळे त्यांचे तेव्हापासून भरलेलेच असतात. मग म्हणाले, "उनोस बासोस." मी पाणी आणलं. रडणाऱ्या बाईला पाणी द्यावं असं म्हणतायत, असा मी अर्थ लावला. किती गोड अर्थ लावला!

"उनोस निन्योस," टीचर म्हणाली. "उनोस निन्योस," वर्ग म्हणाला. टीचर फळ्याकडे वळून समजावत होती. एकच असेल तर उन किंवा उना. एकापेक्षा जास्त असतील आणि किती ते मोजून सांगायचं नसेल तर उनोस, उनास. काही. थोडेफार. पुढच्या बाकावरचा एक शहाणा म्हणाला, "पण टीचर, तीन असतील तर?" ती म्हणाली, "तीन आहेत हे ठाऊक असेल तर तीन म्हण की. ठाऊक नसेल, नाहीतर ठाऊक असून सांगण्यात अर्थ नसेल, तेव्हा हे." पोरं हसली. मला वाटलं उठून सांगावं, बाळांनो, आमच्याकडे एकही नाही, त्याला काय म्हणतात तेही शिकवून टाका. पण तोवर वर्ग पुढे गेला होता, काही मित्र, काही फुलं, काही टेबलं, आणि मला तहान लागली होती.

वर्ग सुटल्यावर मी टीचरला जिन्याच्या तोंडाशी गाठलं. "तुला माहीत होतं," मी म्हटलं. ती पिशवीचा बंद पिळत उभी राहिली. "मॅडम, हा सरांचाच धडा आहे. त्यांनीच बसवलाय. पुस्तक बंद, सरांनी म्हणायचं, थांबायचं, आम्ही म्हणायचं. आम्ही म्हटलं नाही तर सर पाच-सहा शब्दांपुढे जायचेच नाहीत. परत पहिल्यापासून. मला तुमच्या तिसऱ्या फोनला कळलं होतं." "मग सांगायचं होतंस." "कसं सांगणार? तुम्ही एवढ्या आनंदात होता. म्हणालात, आज ह्यांनी बूट मागितले." तिचे डोळे पाण्यानं भरले. तिला दोन शब्द सुनवावे असं फार वाटलं, पण त्या पोरीची काय चूक? मी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि जिना उतरले. खाली रस्ता होता, रस्त्यावर नेहमीची माणसं होती, आणि प्रत्येक माणूस कुणाशी ना कुणाशी बोलत चालला होता.

आणि आज संध्याकाळी भावजी येणार होते. त्यांनी दुसऱ्या गावी एक केंद्र बघून ठेवलंय. नर्स आहेत, व्यायाम आहे, स्वच्छ आहे, सगळं खरं. भावजी वाईट नाहीत. माझी कंबर गेली आहे, रजा संपत आली आहे, ह्यांना उचलताना दोनदा आम्ही दोघं बरोबरच खाली बसलो आहोत, हे त्यांना दिसतं. "वहिनी," ते म्हणाले होते, "दादाला आपण कोण ते तरी कळतं का? नुसता पुटपुटत असतो. तुम्ही कुणासाठी झिजताय?" मी ताडकन म्हटलं, "ते माझ्याशी बोलतात." "मग मला ऐकवा. शनिवारी येतो. दादा बोलत असेल तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नसेल तर रविवारी गाडी घेऊन येतो, आणि तुम्ही आडव्या यायचं नाही." मी बरं म्हटलं. पैज जिंकल्यासारखं बरं म्हटलं. घरी परतताना मला ते माझंच बरं कानात ऐकू येत होतं, आणि मी चालत होते ते घराकडे की घरापासून दूर तेही धड कळत नव्हतं. एका चौकात उगाचच थांबले. वाटलं, आत कुणीच नसेल तर? एखादं जुनं यंत्र सुरू राहावं तसा नुसता धडा चालू असेल, आणि मी त्या धड्याला खिडक्या उघडून देत असेन? मग जाऊ दे की. मग रविवार काय आणि सोमवार काय. पण लगेच दुसरं मन म्हणे, थांबतात ना ते. थांबून तोंडाकडे बघतात ना. यंत्र कुठं कुणाच्या तोंडाकडे बघतं?

काकूंना घरी पाठवलं. हे पलंगावर टेकून बसले होते, काकूंनी भांग उलट्या बाजूला पाडला होता. मी तो नीट केला. ते म्हणाले, "उनोस बासोस," आणि थांबले. मी पाणी आणायला उठले नाही. तिथंच बसून म्हटलं, "उनोस बासोस." ह्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू उजळली. खोटं नाही, उजळलीच. भुवई वर गेली, हनुवटी जराशी हलली, हां, पुढे, असं ते वर्गात करत असतील तसं. "उनास कुचारास." मी म्हटलं. सापातोस, बेंतानास, याबेस, निन्योस. आजवर इथं मी मध्येच उठायचे, नाहीतर बोलायला लागायचे, आणि हे बिचारे परत पहिल्यापासून सुरू करायचे. या वेळी निन्योसच्या पुढे गेले. मित्र आले, फुलं आली, टेबलं आली, जी मी तासाभरापूर्वी वर्गात ऐकली होती. म्हणजे टीचरचं खरं होतं, तिळभरही शंका उरली नाही. ह्यांच्या समोर दोन महिने बायको बसलेली नव्हतीच, न बोलणारा एक ढ वर्ग बसला होता. आणि आज वर्ग बोलला म्हणून मास्तर खूष झाले होते. मी त्यांचा हात धरून हुंदके देत होते आणि ते माझ्याकडे कौतुकानं बघत होते. इतकं कौतुक त्यांनी माझं संसारात कधी केलं नव्हतं. त्याच वेळी माझ्या डोक्यात ती कल्पना आली. चांगली नव्हती. पण दुसरी कुठली मला सुचली असती?

संध्याकाळी भावजी आले, चप्पल काढून खुर्चीवर बसले, "कसा आहेस दादा?" म्हणाले. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी समोर बसले, आणि सुरू झालं. हे म्हणाले, "उनोस बासोस," मी हसून म्हटलं, "उनोस बासोस." ते म्हणाले, "उनास कुचारास," मी जरा लाजल्यासारखं करून म्हटलं, "उनास कुचारास!" कधी प्रश्नासारखं म्हणायचं, कधी हो हो कळलं असं. आयुष्यात नाटकात काम केलं नाही, पण त्या वेळी माझ्या अंगात काय शिरलं होतं कुणास ठाऊक. भावजी कधी ह्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, तुम्ही शिकलात?" "शिकले." "आणि हा... हा बोलतोय की खरंच! काय म्हणतोय?" हे मी धरलंच नव्हतं. एवढा विचार केला आणि एवढं साधं सुचलं नव्हतं, की माणूस विचारील, काय म्हणतोय.

"उनास बेंतानास," हे म्हणाले. मी ते म्हटलं आणि भावजींना सांगितलं, "म्हणतात, इथं मोकळं वाटतं. या खोलीतून हलायला नको." "उनास याबेस." "म्हणतात, घर हिच्या हाती आहे, मला कसली काळजी नाही." भावजींनी रुमाल काढला. मला थांबता आलं असतं. तेवढ्यानं भागलं होतं, पैज जिंकली होती. पण हे म्हणाले, "उनोस निन्योस," आणि थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागले, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी शब्द म्हणायचाच विसरले. भावजींकडे न बघता, ह्यांच्याकडेच बघत, स्वच्छ मराठीत म्हटलं, "म्हणतात, आपल्याला मूल झालं नाही याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. तू होतीस, मला पुरेसं होतं."

भावजी लहान पोरासारखे रडले. उठून दादाच्या गालाला गाल लावला. "मला माफ करा वहिनी, मी आता कधी बोलणार नाही," म्हणाले, दारातून पुन्हा परत येऊन तेच म्हणाले, मग गेले. मी दार लावून आत आले. हे माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीत बसले, वाट बघितली. ग्लास नाहीत, चमचे नाहीत. मग मीच म्हटलं, "उनोस बासोस." त्यांनी ओठ मिटले. एक बाजू मिटते, दुसरी जराशी उघडी राहते, तेवढे मिटले, आणि मान खिडकीकडे वळवली.

त्यानंतर हे एक अक्षर बोललेले नाहीत. ना स्पॅनिश, ना मराठी. डॉक्टरांनी पुन्हा मेंदूचे फोटो काढले, नवीन काही नाही म्हणाले. थेरपिस्ट बाई म्हणतात, होतं असं कधी कधी. मी त्यांना काय घडलं ते सांगितलेलं नाही. टीचरचा फोन येतो, तिलाही नाही. भावजी येतात, "दमलाय दादा," म्हणतात आणि उशा नीट करून जातात. मी एकटी बसून दोन्ही बाजूंनी विचार करते. एक, धडा होता तो संपला, पुढचं काही आत उरलेलंच नव्हतं. दुसरं, त्यांना मराठी कळते. सगळं कळतं. त्यांनी ऐकलं की त्यांच्या तोंडी मी काय घातलं, आणि त्यांच्या मनात ते तसं नव्हतं. त्यांना मूल हवं होतं, फार हवं होतं, आणि तेवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी स्वतःची राहिली होती, तीही मी भावजींसमोर खोटी करून टाकली. मला हेच दुसरं खरं असावं असं वाटतं. रात्रंदिवस तेवढं एकच मागते. चिडलेले असू देत, माझं तोंड बघायची इच्छा नसू दे. रुसलेला माणूस निदान घरात तरी असतो. म्हणून मी रोज सकाळी त्यांच्यापुढे जाऊन बसते आणि त्यांची समजूत काढते. म्हणते, "अहो, खोटं बोलले मी. चुकलं माझं. तुम्हाला वाईट वाटलं होतं ना? मग तसं सांगा. मी ऐकून घेईन."